आमच्या गाडीचा नवा हॉर्न



मागच्या वेळी वाळवणाच्या मुगवड्यांवर लिहिलं होतं. यावेळी विषय जरा वेगळा आहे. स्वयंपाकघरातला नाही, पण घरातलाच म्हणायचा, कारण आमची गाडी म्हणजे घराची पाचवी खोली आहे. सासूबाईंची औषधं, पूजेच्या द्रव्याचा डबा, गाळलेल्या पाण्याची कॅन, एक जास्तीची चादर, सगळं तिच्यात कायम असतं.

ही गाडी घेतली तेव्हा सगळं आवडलं, एक हॉर्न सोडून. बटण दाबलं की "पीं" असा आवाज यायचा. गर्दीत कोणी हळूच कोपर लावावं तसा. माझा धाकटा म्हणायचा, "आई, गाडीला सर्दी झाली आहे." मी हसण्यावारी नेत होते. मौद्याच्या बाजारात तेवढ्यावर भागत होतं.

पण मौदा म्हणजे नुसता बाजार नाही. गावाला लागूनच नागपूर-भंडारा-रायपूर महामार्ग आहे. पूर्वी त्याला सहा नंबर म्हणायचे, आता कागदावर त्रेपन्न आहे, आमच्या तोंडी अजून सहाच. एनटीपीसीच्या वीज प्रकल्पाची जड वाहनं, राईस मिलचे ट्रक आणि कलकत्त्यापर्यंत जाणारे लांब कंटेनर, सगळे याच रस्त्याने. धान निघायला लागलं की त्यात तणसाने भरलेल्या ट्रॉल्यांची भर पडते. तणस इतकी रुंद रचलेली असते की मागचं ट्रॅक्टरवाल्याला काही दिसत नाही, आणि गाणी इतकी मोठ्याने लावलेली असतात की त्याला काही ऐकूही येत नाही.

नोव्हेंबरात तेच झालं. सर्व्हिस रोडला माझ्यापुढे एक ट्रॉली थांबली होती. सासूबाई बाजूला बसल्या होत्या. ट्रॅक्टरवाल्याने एकाएकी ट्रॉली मागे घेतली. मी हॉर्न दाबला, पीं. परत दाबला, धरून ठेवला, पीं पीं पीं. माझ्या मागे दुसरी गाडी उभी होती, सरकायला जागा नव्हती. तणसाचा डोंगर काचेवर येत होता आणि आमची गाडी सर्दी झाल्यासारखी शिंकत होती. शेवटी रस्त्याकडेच्या पानठेल्यावरचा एक मुलगा धावत जाऊन ट्रॅक्टरच्या मडगार्डवर थापा मारायला लागला, तेव्हा ट्रॉली थांबली. बंपर आणि ट्रॉलीच्या फळीत वीतभर अंतर असेल. सासूबाईंचा णमोकार मोठ्याने सुरू होता. एरवी त्या मनातल्या मनात म्हणतात.

त्याच संध्याकाळी मी ह्यांना सांगितलं, मला मोठा हॉर्न पाहिजे.

मिस्त्रीकडे मी स्वतः गेले. ह्यांना दुकान सोडता येत नव्हतं आणि गाडी चालवते मी, म्हणजे हॉर्नही माझाच. मिस्त्रीने आधी नवा हॉर्न विकायची घाई केली नाही, हे मला आवडलं. तो म्हणाला, "काकू, पहिले जुनाच पाहू. आवाज कमी येत असंल तं कधी कधी अर्थिंगले गंज लागला राहते." त्याने पुढची जाळी काढून दाखवली. आत चपटी, बशीसारखी एकच चकती होती. अर्थिंगची जागा घासून, बॅटरीचे टोक आवळून पाहिलं. आवाज थोडा सुधारला, पण पीं तो पींच.

मग त्याने समजावलं ते तुम्हालाही सांगते, कारण आपल्यापैकी पुष्कळ जणी आता गाडी चालवतात आणि दुकानात गेलं की ताई-ताई करून काहीही गळ्यात मारतात. लहान गाड्यांना कंपनीतून बऱ्याचदा एकच हॉर्न येतो, बारीक आवाजाचा. त्याऐवजी शंखासारखा गुंडाळलेला हॉर्न मिळतो, तो जोडीने घ्यायचा. एकावर एच लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर एल, म्हणजे एक चढ्या सुराचा आणि एक उतरत्या. साधारण चारशे आणि पाचशे हर्ट्झच्या आसपासचे सूर असतात. माझी मुलगी हार्मोनियम शिकते, ती म्हणाली हा तर सा आणि ग झाला. दोन्ही एकदम वाजले की आवाज नुसता मोठा होत नाही, भरीव होतो, आणि ट्रकच्या इंजिनाच्या घरघरीतूनही वेगळा ऐकू येतो.

महत्त्वाची गोष्ट वायरिंगची. असे दोन हॉर्न मिळून आठ-दहा अँपिअर वीज ओढतात. जुन्याच बारीक वायरवर ते लावले तर वायर तापते आणि स्टीअरिंगमधल्या बटणाचे पॉइंट जळतात. म्हणून मध्ये रिले बसवायचा. बटणाने फक्त रिलेला इशारा करायचा, हॉर्नला वीज बॅटरीवरून वेगळ्या जाड वायरने जाते आणि त्या वायरवर बॅटरीजवळ फ्यूज असतो. कंपनीची वायर कापू द्यायची नाही, वॉरंटीची कटकट होते. तयार जोडणीची वायर मिळते, ती जुन्या सॉकेटमध्ये बसते. आणि शंखाचं तोंड खाली ठेवायचं, नाहीतर पावसात पाणी साचून आठ दिवसांत तो मुका होतो.

हॉर्नची जोडी मी नागपूरहून आणली. दुकानदार आधी भलतंच दाखवत होता, ट्रकसारखा प्रेशर हॉर्न, सायरनसारखा वाजणारा, एक तर चक्क कुत्र्यासारखा भुंकणारा. मी नको म्हटलं. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे आहेत, त्यातला ११९ वा नियम हॉर्नचा. एकामागून एक वेगवेगळे सूर काढणारे, कर्कश किंवा दचकवणारे हॉर्न गाडीला लावता येत नाहीत. साधी, कंपनीची शिक्का असलेली जोडी घेतली. रिले, वायर आणि मजुरी धरून दीड हजारात काम झालं.

बसवून झाल्यावर मिस्त्री म्हणाला, "दाबा काकू." मी दाबलं. समोरच्या भिंतीवरची कबुतरं उडाली आणि मला, खरं सांगते, फार छान वाटलं.

इथून पुढचं लिहायला मला दीड महिना लागला.

आवाज मोठा मिळाला तसा माझा हात सैल झाला. आधी मी हॉर्न क्वचित वाजवायचे, कारण वाजवून उपयोग नव्हता. आता वळणावर वाजवायचे, वळण नसलं तरी वाजवायचे. कोणी रस्त्याच्या कडेने नीट चाललं असलं तरी आपली एक चाहूल दिलेली बरी म्हणून वाजवायचे. पुढचा मोटारसायकलवाला बाजूला झाला की मनात बारीकसं "हं!" यायचं. त्या "हं"ला काय म्हणतात ते आपल्याला प्रवचनात शंभरदा सांगितलेलं आहे. मान कषाय. पण तेव्हा ते सुचलं नाही. मी सुरक्षित गाडी चालवते आहे असंच मला वाटत होतं.

डिसेंबरात आम्ही दोघी रामटेकला शांतिनाथ भगवंतांच्या दर्शनाला गेलो. मौद्याहून आम्ही नगरधनच्या बाजूने जातो, धानाच्या बांध्यांमधून, महामार्ग टाळून. सासूबाईंच्या हातात जपमाळ होती, नेहमीसारखी. मला वाटलं जप चालू आहे. नगरधनचा किल्ला दिसायला लागला तेव्हा त्या म्हणाल्या, "एक्केचाळीस."

मी विचारलं, "कसले?"

"तुझे हॉर्न. पहिल्या पाच-सहानंतर जपात लक्ष लागेना, मग म्हटलं हेच मोजावे."

मी हसले. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. माळ पिशवीत ठेवली आणि बाहेर बघत बसल्या. रामटेकला दर्शन छान झालं. भगवंतांच्या पायाशी हरिणाचं लांछन आहे, तिथे त्या दरवेळी जरा जास्त थांबतात. त्या दिवशीही थांबल्या.

परत येताना ते झालं.

अरुंद रस्ता, दोन्हीकडे बांध्या, धान निघून गेलेलं. पुढे एक म्हातारे बाबा सायकलवर होते, कॅरिअरला गवताचा भारा. ते अगदी डाव्या कडेला होते. मला जायला जागा होती, समोरून कोणी येत नव्हतं, माझा वेगही फार नव्हता. हॉर्नची काही गरज नव्हती. तरी त्यांच्या दहा फूट मागे येऊन मी दाबला, सवयीने. दोन्ही शंख एकदम वाजले.

बाबा दचकले. हँडल वळलं, पुढचं चाक रस्त्याच्या कडेवरून घसरलं आणि ते भाऱ्यासकट खाली बांधीच्या धुऱ्यावर पडले.

मी गाडी थांबवून धावले. गवताच्या भाऱ्याने ते वाचले म्हणायचे. गुडघा फुटला होता, कोपर सोलवटलं होतं, हात थरथरत होता. मी काही बोलण्याआधी तेच बोलले, "चुकलं माय. मी मधात आलो असंन."

ते मधात नव्हते. ते कडेला होते. त्यांच्या रस्त्यावर, त्यांच्या बाजूला, त्यांच्या वेगाने चालले होते. मी त्यांना पाडलं आणि माफी त्यांनी मागितली. मोठ्या आवाजाच्या गाडीपुढे चूक आपलीच असते असं त्या माणसाला सत्तर वर्षांत शिकवलं गेलं असणार.

मी म्हटलं, "नाही बाबा, चूक माझी आहे." त्यांना ते पटलेलं दिसलं नाही. सासूबाई कॅन घेऊन आल्या, जखम धुतली, आपल्या पदराने हात पुसले. आम्ही त्यांना गाडीत घेऊन दवाखान्यात गेलो, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, पट्टी झाली. सायकल एका मुलाने त्यांच्या घरी नेली. मी पैसे देऊ केले ते त्यांनी घेतले नाहीत, गवताचा भारा मात्र कोणी नेऊ नये याची त्यांना काळजी होती.

घरी आल्यावर त्या रात्री आलोचना पाठ करताना माझा आवाज बाहेर येईना.

मी माझ्या मनाला विचारत होते की हा दोष कोणता? मला त्यांना पाडायचं नव्हतं. पण आपल्याकडे हिंसा नुसत्या हेतूने मोजत नाहीत, प्रमादानेही मोजतात. गृहस्थाला गाडी चालवताना थोडी हिंसा टळत नाही हे आपण मान्य करतो, म्हणूनच जी टळते ती टाळायची म्हणून अनर्थदंडविरती व्रत आहे, गुणव्रतांमधलं. ज्याचं काही प्रयोजन नाही असं पाप करायचं नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात त्याचे पाच अतिचार दिलेले आहेत. त्यात एक आहे मौखर्य, म्हणजे गरज नसताना बडबड करणं. दुसरा असमीक्ष्याधिकरण, म्हणजे विचार न करता एखाद्या साधनाचा प्रमाणाबाहेर वापर करणं. पाठशाळेत हे शब्द पाठ करताना जीभ वळत नव्हती, तेवढंच मला आठवत होतं. आता दोन्ही माझ्या स्टीअरिंगच्या मधोमध बसलेले दिसले.

दुसऱ्या दिवशी मी सासूबाईंना म्हटलं, हॉर्न काढून टाकते. हे हिंसादानासारखंच झालं, आपण हातात शस्त्र घेतल्यासारखं. त्या भाजी चिरत होत्या. म्हणाल्या, "मग ही विळीही टाकून दे. आणि परत ट्रॉली मागे आली तर?"

त्यांचं म्हणणं असं की दोष शंखाचा नाही. मुनींना भाषा समिती सांगितली म्हणजे बोलूच नका असं सांगितलं नाही. हिताचं, मोजकं आणि गोड बोला असं सांगितलं. मौन वेगळं, ती वचनगुप्ती. "तू मोजकं शीक," एवढं बोलून त्यांनी वांग्यात किडा आहे का ते बघायला चष्मा मागितला.

मी परत मिस्त्रीकडे गेले. माझी मागणी ऐकून त्याला गंमत वाटली. लोक आवाज वाढवायला येतात, ही बाई कमी करायला आली. पण त्याने छान तोड काढली. जुनी चकती त्याने फेकली नव्हती, मीच ती डिकीत ठेवली होती (आपल्या बायकांना जुनं काही टाकवत नाही, ते कधीतरी असं कामी येतं). ती परत जागेवर बसवली आणि स्टीअरिंगजवळ एक छोटा दुतर्फा स्विच दिला. स्विच खाली असला की बटण दाबल्यावर जुना पीं वाजतो. वर केला की रिलेला इशारा जातो आणि शंख वाजतात. गावात आणि खेड्यातल्या रस्त्यावर पीं, महामार्गावर शंख. शंभर-सव्वाशे रुपयांचं काम.

माझ्यासारख्या आणखी पुष्कळ जणी असतील म्हणून दोन कायद्याच्या गोष्टी सांगून टाकते. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९४ एफ कलम आलं आहे. विनाकारण, सतत किंवा गरजेपेक्षा जास्त हॉर्न वाजवला तर पहिल्या वेळी १००० रुपये दंड, नंतर २०००. दवाखाना, शाळा आणि न्यायालयापासून १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र जाहीर करता येतं. वस्तीच्या भागात रात्री १० ते सकाळी ६ आणीबाणीशिवाय हॉर्न वाजवायचा नाही असाही नियम आहे. मुंबई पोलिसांनी मागे काही सिग्नलना आवाज मोजायचं यंत्र लावून गंमत केली होती. लोकांचे हॉर्न ८५ डेसिबलच्या वर गेले की लाल दिव्याचे सेकंद परत पहिल्यापासून सुरू. आपल्या नागपूरचे गडकरीजी तर २०२१ पासून म्हणत आहेत की हॉर्नमधून बासरी, तबला, हार्मोनियम असे आवाज आले पाहिजेत. माझ्या मुलीला ती कल्पना फार आवडते. मला वाटतं, बासरीसुद्धा दहा फूट मागून एकाएकी वाजली तर बाबा पडलेच असते.

पण शंख काढले नाहीत ते बरं झालं असं वाटायला लावणारी एक सकाळही आली, तीही लिहिते.

जानेवारीत एक आर्यिका संघ रामटेकहून डोंगरगडला निघाला होता, चंद्रगिरीला, जिथे फेब्रुवारी २०२४ मध्ये आचार्य विद्यासागरजी महाराजांची समाधी झाली. विहार याच महामार्गाने होता. तुम्हाला माहीत आहे, विहारात रस्त्यावर आपल्या साधुसाध्वींचे अपघात होतात. दरवर्षी कुठून ना कुठून बातमी येते आणि काळीज थांबतं. म्हणून आमच्याकडच्या काही जणी आणि मुलं सोबत चालतात, अंगात चमकणारी जाकिटं घालून, आणि मागे एक गाडी चालीच्या वेगाने, चारही दिवे लुकलुकत ठेवून. त्या दिवशी मागची गाडी माझी होती.

सूर्योदयाआधी मातांजी पाय उचलत नाहीत. पुढची चार हात जमीन स्वच्छ दिसली पाहिजे, ती ईर्या समिती. पण सूर्य उगवला तरी कन्हानच्या बाजूने धुकं होतं. मी स्विच वर केला होता आणि हात बटणापासून लांब ठेवला होता. मागून हॉर्न वाजवून मातांजींना दचकवणं मला या जन्मात परवडणार नव्हतं. आम्ही तास-दीड तास चाललो. मी एकदाही वाजवला नाही, मागचे ट्रक मात्र आमच्यावर वाजवत होते.

मग समोरून, उलट्या दिशेने, सर्व्हिस रोड सोडून मुख्य रस्त्यावर एक पिकअप आली. दिवे बंद, आणि चालवणारा मुलगा खाली मान घालून मोबाइलमध्ये. पुढची जाकीटवाली पोरं हात हलवत ओरडत होती. त्याची मान वर होईना.

मी दाबला आणि धरून ठेवला.

त्याने वर पाहिलं, गाडी वळवली, दुभाजकाला घासत थांबली. मातांजी क्षणभर थांबल्या. त्यांतल्या सर्वात वृद्ध माताजींनी डोळे मिटले, पिच्छी छातीशी धरली, मग परत जमिनीकडे पाहून चालू लागल्या. माझ्या हॉर्नमुळे तो थांबला की पोरांच्या ओरडण्यामुळे, देव जाणे. मुक्कामावर पोचल्यावर मी वंदना केली आणि आवाजाबद्दल क्षमा मागितली. त्यांचं मौन होतं. त्यांनी हात वर करून आशीर्वाद दिला, सगळ्यांना देतात तसा.

त्या सायकलवाल्या बाबांना मी पुढे दोनदा भेटून आले. पट्टी निघाली आहे. सासूबाईंनी त्यांच्या नातवंडांसाठी शेंगदाण्याची चिक्की पाठवली, त्यांनी आम्हाला वालाच्या शेंगा दिल्या. बोलणं छान झालं.

मागच्या आठवड्यात परत त्याच रस्त्याने गेले, स्विच खाली होता. बाबा पुढे सायकलवर दिसले. मी बराच मागे वेग कमी केला, हॉर्न वाजवला नाही, त्यांचं त्यांना जाऊ द्यावं म्हणून हळूहळू मागून येत राहिले. त्यांनी वळून आमची पांढरी गाडी पाहिली. सायकलवरून उतरले, सायकल रस्त्याच्या खाली धुऱ्यावर घेतली आणि हँडल दोन्ही हातांनी धरून उभे राहिले.

मी काच खाली करून म्हटलं, "बाबा, तुम्ही व्हा नं पुढे."

"नाही माय," ते म्हणाले, "तू जाय आधी."